आखाड्याकांठचा आवाज

कुस्तीचें मैदान म्हटलें म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून अद्यापि नाकें मुरडलीं जातात. क्रिकेटचा सामना असला कीं आजोबांपासून नातवापर्यंत सारें कुटुंब एका खोलींत जमतें. पण एखाद्या मुलानें 'कुस्त्या पाहावयास जातों' असें म्हटलें कीं 'तुझें तिथें काय काम?' हा प्रश्न ठरलेला. प्रस्तुत लेखकही असाच वाढला. कोल्हापुरांत जन्म जाऊन, खासबागेच्या हाकेच्या अंतरावर राहून, वयाची पस्तिशी उलटेपर्यंत त्या मैदानांत पाऊल म्हणून ठेविलें नव्हतें.

अखेर तेथें ओढून नेलें तें एका आवाजानें. संध्याकाळची वेळ होती. माडीवर आत्याबाई वाटाणे सोलीत बसल्या होत्या आणि ध्वनिवर्धकांतून निवेदकाचें बोलणें वाऱ्यावर येत होतें. आत्याबाई मध्येंच थांबल्या व म्हणाल्या, "अरे, ऐक जरा. काय मराठी बोलतोय हा माणूस! आमच्या कीर्तनकारांनीं शिकावें." आत्याबाईंचें प्रमाणपत्र सहसा कोणास मिळत नाहीं, हें आमच्या घरीं सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्याच खेपेस मीं मैदान गांठलें.

तो निवेदक कोण, हें त्या दिवशीं समजलें नाहीं. परंतु ह्या कामांतलें सर्वांत परिचित नांव म्हणजे शिरोळ तालुक्यांतील कोथळीचे श्री. शंकर पुजारी. हे गृहस्थ मूळचे पैलवान. अंगाला माती लागलेला माणूस पुढें ध्वनिक्षेपकापुढें उभा राहिला, हेंच त्यांच्या निवेदनाचें मर्म होय. गांवोगांवच्या जत्रांतून आणि मोठमोठ्या मैदानांतून कित्येक वर्षें हा आवाज घुमत आला आहे. कुस्ती ही केवळ पाहण्याची नव्हे, ऐकण्याचीही गोष्ट आहे, असें लोकांस वाटूं लागलें त्याचें पुष्कळसें श्रेय त्यांजकडे जातें.

पाश्चात्त्य देशांत मुष्टियुद्धाचें वर्णन करणाऱ्यांस मोठा मान असतो. २ जुलै १९२१ रोजीं अमेरिकेंत डेम्प्सी आणि फ्रान्सचा कार्पांतिये यांची झुंज झाली, तिचें वर्णन बिनतारी यंत्रानें दूरदूरच्या सभागृहांतून लोकांनीं ऐकलें. डेम्प्सीनें चौथ्या फेरींत प्रतिस्पर्ध्यास लोळविलें. पण मुष्टियुद्धाच्या वर्णनकारास एक सोय असते: ठोसा बसला कीं तो आंधळ्यासही कळावा! शिवाय ठराविक मिनिटांनीं घंटा होते, दम खावयास मिळतो. आमच्या मातींतल्या कुस्तींत दोन मल्ल मानेला मान लावून दहा दहा मिनिटें खडाखडी करतात आणि अजाण प्रेक्षकास वाटतें कीं कांहींच चाललेलें नाहीं. वास्तविक त्याच वेळीं सारें चाललेलें असतें. कोणाचा पंजा कोणाच्या मनगटावर आहे, कोण एकेरी पटाची हूल देऊन कलाजंगासाठीं वांकण्याची संधि पाहत आहे, हें सांगणारा कोणी नसेल तर आमच्यासारखा मनुष्य जांभई देतो. राजर्षि शाहूमहाराजांनीं १९१२ सालीं खासबाग मैदान बांधून घेतलें; रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिल्यावर त्यांस ही कल्पना सुचली असें सांगतात. मधला हौदा व सभोंवार चढत गेलेली बैठक, यामुळें शेवटच्या माणसासही कुस्ती दिसते. दिसावें याची सोय महाराजांनीं केली. आम्हां अडाण्यांस समजावें याची सोय व्हावयास निवेदक यावा लागला.

ह्या कामांतही दोष शिरले आहेत, तेही सांगितले पाहिजेत. निवेदकाच्या हातांत वर्गणीदारांच्या चिठ्ठ्या कोंबल्या जातात. एका जत्रेंत मीं स्वतः पाहिलें: इकडे धोबीपछाड बसून कुस्ती चितपट झाली, आणि तिकडे कोणा दानशूराच्या तीन पिढ्यांचें गुणवर्णन चालूंच! हलगीवाल्यास मात्र कुस्ती दिसत होती. त्यानें घाई वाढविली तेव्हां कोठें बोलणाऱ्याचें लक्ष गेलें. माणसास बिदागी हवी, तिच्यासाठीं चिठ्ठ्याही वाचाव्या लागतात, हें खरें. पण मल्लाची पाठ मातीस लागते तो क्षण कोणाच्याही वर्गणींत बसत नाहीं.

त्याच जत्रेंत, दिवस मावळतांना, एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आपल्याहून थोराड गड्याशीं लढला. दोनदां तो खालून निसटला. शेवटीं घिस्स्यावर गेला. लोकांनीं जिंकणाऱ्यास खांद्यावर घेतलें, फेटा बांधला, नोटा दिल्या. पोरगा कपाळाची माती न पुसतां कडेला जाऊन उभा राहिला. त्याचा बाप टॉवेल घेऊन शेजारीं आला, पण त्यास काय बोलावें तें सुचेना. वर्षभराचें दूध, बदाम, तूप आणि तालमीचा खर्च त्या दोघांच्या मध्यें उभा होता. अशा वेळीं निवेदक सहसा पुढच्या जोडीकडे वळतो. हा वळला नाहीं. त्यानें हलगी थांबविली, पोराचें नांव, गांव, वस्ताद हें सारें पुन्हां एकदां सांगितलें. वजनाचा फरक सांगितला. दोनदां तो कसा सुटला, तें डावाच्या नांवासकट समजावून दिलें. प्रथम सारें मैदान गप्प झालें. मग पुढच्या रांगेंतला एक म्हातारा उठला आणि त्यानें दहाची नोट पोराच्या हातांत ठेविली. त्याच्यामागें आणखी दहा-बारा उठले. बापानें टॉवेलानें पोराचें तोंड पुसलें, मग स्वतःचें.

रात्रीं घरीं पोहोंचलों तेव्हां आत्याबाई जाग्याच होत्या. "कोण जिंकलें रे?" त्यांनीं विचारलें. मीं सांगूं लागलों, तों जिंकणाऱ्याचें नांव कांहीं केल्या आठवेना. हरलेल्याचें तेवढें सांगितलें, गांवासकट.