गंधक जाते कोठे?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य औष्णिक वीजकेंद्रांना धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्यातून सूट दिली. यंत्रणा महाग, असे सांगण्यात आले. अशा वेळी जाळण्यापूर्वीच कोळशातील गंधक जीवाणूंकरवी काढून घेण्याची कल्पना मोहात पाडील यात नवल नाही.

ही कल्पना निराधारही नव्हे. १९४७ साली कोल्मर व हिंकल या अमेरिकी शास्त्रज्ञांना कोळशाच्या खाणीतून पाझरणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात असा जीवाणू आढळला. लोह व गंधक यांचे खनिज जे पायराइट, त्यावर त्याची उपजीविका चालते. दळलेला कोळसा पाण्यात कालवून त्यात हे जीवाणू वाढविले की पायराइट विरघळते. भट्टी लागत नाही. मात्र वीजकेंद्राला रोज हजारो टन कोळसा हवा असतो आणि या सूक्ष्म कामगारांना आठवडा आठवडा लागतो. आसामच्या कोळशात गंधक भरपूर. परंतु त्यातील बराचसा कोळशाच्या सेंद्रिय घडणीतच गुंतलेला, त्याला हा जीवाणू शिवत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. विरघळलेले गंधक नाहीसे होत नाही. त्याचे सल्फ्युरिक आम्ल होऊन ते पाण्यात उतरते. जे धुराड्यातून जात होते ते नाल्यातून जाऊ लागते, एवढेच! चुना घालून ते आम्ल मारावयाचे, तर जिप्सम आणि लोहाचा गाळ उरतो. चुना अपुरा पडला किंवा वाचविला गेला, तर सल्फेट नदीत जाते. आणि तेथे प्राणवायूविना कुजणाऱ्या गाळात दुसऱ्याच जातीचे जीवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा तो वास म्हणजे हवेत परतलेले गंधकच.

कोळसा येथला नसला, तरी नदीत ओतलेल्याचे काय होते हे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या रहिवाशांना शिकवावयास नको. १०६० साली उभारलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी आज कारखान्यांचे सांडपाणी वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत रसायन ओतले गेले, विषारी वायू पसरला आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले.

तेव्हा जीवाणूंचा असा कारखाना कोठेही मांडला गेला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवान्यापूर्वी तीन उत्तरे लेखी घ्यावीत: आम्लयुक्त पाणी कोठे नेणार, चुन्याचा खर्च कोण सोसणार, आणि गाळ कोणत्या जागी किती वर्षे सांभाळणार.