गरज कोणाची, मोजमाप कोणाचे?

खंडाळा (जि. सातारा) : खंडाळा म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. पुण्याहून दक्षिणेकडे जाताना, नीरा नदी ओलांडल्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी लागणारे खंडाळा ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आताचा ४८ या तालुक्याला उभा छेद देत जातो आणि त्याच्या कडेने शिरवळ, केसुर्डी परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारली आहे. आसपासच्या गावांतील माणसे कारखान्यांत जाण्यासाठी हा महामार्ग ओलांडतात. काही दुचाकीवर, काही पायी आणि काही अजूनही सायकलवर. लोकांच्या गरजेभोवती सुविधांची रचना करण्याची भाषा सध्या नगरनियोजनापासून आरोग्यसेवेपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तिची कसोटी लावायची तर पुण्या-मुंबईपेक्षा हा तालुका अधिक योग्य ठरावा.

खंबाटकी बोगद्यानंतरचे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण वर्षानुवर्षे अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातून कामासाठी येणाऱ्या मजुरांचा टेम्पो तेथे उलटून १८ जणांचा मृत्यू झाला. हे वळण टाळण्यासाठी नव्या जुळ्या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्याची गरज कोणीही नाकारणार नाही. मात्र या प्रकल्पाचे लाभ सांगताना केंद्र सरकारने जो आकडा पुढे ठेवला तो बोलका आहे. साताऱ्याकडे जाताना घाटात लागणारी सुमारे ४५ मिनिटे ५ ते १० मिनिटांवर येतील, असे सांगण्यात आले. ही मिनिटे वाहनातून पुढे निघून जाणाऱ्याची आहेत. महामार्ग आडवा ओलांडणाऱ्याला किती वेळ थांबावे लागते, रात्रपाळी सुटल्यावर भुयारी मार्गात दिवा असतो का, पावसाळ्यात तेथे पाणी साचते का, कारखान्याच्या फाटकाच्या आत सायकल ठेवता येते का, याचे मोजमाप लाभाच्या हिशेबात धरले जात नाही. देशात २०२२ या एका वर्षात ३२ हजारांहून अधिक पादचारी रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले, हे लक्षात घेतले तर ही बाब किरकोळ राहत नाही.

सायकल आहे, नोंद नाही

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, दुचाकी वाहन २१ टक्के कुटुंबांकडे आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. त्यानंतर चित्र बरेच पालटले असणार. परंतु रस्त्यांची आखणी ज्या काळात झाली तेव्हाचे वास्तव हे होते. सायकलची प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद होत नाही, त्यामुळे वाहनसंख्येच्या वार्षिक आकडेवारीत ती दिसत नाही. जुन्या पिढीतील वाचकांना नगरपालिकेचा सायकल-कर आणि हँडलला अडकवलेला पत्र्याचा बिल्ला आठवत असेल. तो कर गेला ते बरेच झाले; पण त्याबरोबर सायकली मोजण्याचे सरकारचे एक साधनही गेले.

ही पोकळी आता मोबाइलमधील ॲप भरून काढतील, अशी अपेक्षा आहे. सायकलस्वारांच्या फेऱ्या नोंदविणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या कंपनीची माहिती अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या वाहतूक विभागाने २० हजार डॉलर मोजून घेतली. पुढे अनेक शहरांनी हाच मार्ग धरला. कोणत्या रस्त्यावर किती सायकली धावतात हे नकाशावर उजळलेल्या रेषांतून दिसते, आणि नियोजनकाराला ते मोहक वाटणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की, फेरी नोंदविणारा हा प्राधान्याने व्यायामासाठी किंवा हौसेने सायकल चालविणारा असतो. शिरवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा कामगार आपली फेरी नोंदवीत नाही. त्याला तिची गरजच नाही. परिणामी ज्याला पर्याय नाही म्हणून सायकल चालवावी लागते, त्याचा रस्ता नकाशावर अंधारा राहतो. अंधाऱ्या रस्त्यावर सायकली नाहीत, असा निष्कर्ष काढणे मग सोपे होते.

या तालुक्याला जोडणाऱ्या सातारा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात, याचा अनुभव दोनदा आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला तेव्हा कडेने सायकल मार्गही आखण्यात आले. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात ते ओस पडले, कारण ते सलग नव्हते. मध्येच विजेची पेटी, मध्येच पथारी, तर चौकात मार्गच संपलेला. दुसरा प्रयोग डिसेंबर २०१७ मधला. स्मार्ट सिटी योजनेखाली विद्यापीठ आणि औंध परिसरात ॲपवर चालणाऱ्या सार्वजनिक सायकली आल्या. त्याच महिन्यात महापालिकेने ८०० किलोमीटरहून अधिक सायकल मार्गांचा आराखडाही मंजूर केला. ‘पेडल’, ‘ओफो’, ‘मोबाइक’ अशा कंपन्या उतरल्या. ‘ओफो’ने २०१८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला, ‘मोबाइक’ने २०१९ मध्ये. आराखडा कागदावर आणि सायकली रस्त्यावर, असा हा उलटा क्रम होता.

या अपयशाचे खापर नागरिकांच्या बेशिस्तीवर फोडले गेले. मोडतोड झाली हे खरेच. पण योजनेची मूळ कल्पना पाहिली तर ती अर्ध्या तासाच्या भाड्याभोवती फिरत होती. स्मार्टफोन, इंटरनेट आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सवय असलेला, बसथांब्यापासून कार्यालयापर्यंत जाणारा तरुण तिने गृहीत धरला होता. चार घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईला किंवा रात्री बाराला पाळी संपणाऱ्या पहारेकऱ्याला सायकल दिवसभर हाताशी लागते. तासावर नको असते.

याउलट बिहारचे उदाहरण आहे. तेथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रवेश लक्षणीय वाढल्याचे आढळले, आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. त्या योजनेत कोणतेही ॲप नव्हते. मुलगी शाळेत का येत नाही, एवढाच प्रश्न तिने आधी विचारला होता.

खाटेवरून दिसणारे छत

हाच प्रश्न उपचारांच्या जागांनाही लागू पडतो. सातारा जिल्ह्याला त्याची जुनी ओळख आहे. पाचगणीत १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर प्रभावी औषध नव्हते, तेव्हा हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपचार होता. म्हणजे जागा हेच औषध होते.

फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरुग्णालय (१९३३) बांधताना वास्तुविशारद अल्वार आल्टो याने तर रुग्ण दिवसभर आडवा असतो, हे सूत्र धरले. छताचा रंग शांत ठेवला, दिवे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे लावले आणि शेजारच्या रुग्णाची झोपमोड होऊ नये म्हणून पाण्याचा आवाज न करणारे हात धुण्याचे भांडे घडविले. पुढे १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत आपल्याकडे हा विचार कायद्यात आला आहे, ही गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या २० व्या कलमात खासगीपण, स्वच्छता, करमणुकीची सोय, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आणि सक्तीने मुंडन न करण्याची हमी आहे. एखाद्या वास्तुविशारदाने लिहावे तसे हे कलम आहे. तालुक्याच्या पातळीवर मात्र समुपदेशन अनेकदा पडद्याआड, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा खोलीत होते. लहान गावात तेवढे ऐकू जाणे पुरेसे असते. रुग्ण पुन्हा फिरकत नाही.

त्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक पुढे केला जातो. तो मोलाचा आहे, यात शंका नाही. पण दोन खोल्यांच्या घरात, घरातला फोन सासू किंवा नवऱ्याच्या हाती असताना, सून तो क्रमांक कोठे उभी राहून फिरविणार? सेवेकडे नोंद होते ती आलेल्या दूरध्वनींची. न आलेल्या दूरध्वनींची नोंद कोणतीही यंत्रणा ठेवू शकत नाही, आणि सेवेत सुधारणा मात्र आलेल्यांच्या अभिप्रायावरून होत राहते.

सायकलच्या ॲपचे आणि समुपदेशनाच्या खोलीचे दुखणे येथे एक आहे. जे आले त्यांच्या नोंदीवरून गरज ठरते, जे येऊ शकले नाहीत ते गरजवंतांच्या यादीतच नसतात. त्यावरचा उपाय खर्चिक नाही. शिरवळच्या फाटकावर तिन्ही पाळ्यांच्या वेळी आठवडाभर उभे राहून सायकली आणि पायी येणारे मोजता येतात. आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने बाईला दार बंद होणाऱ्या खोलीत दहा मिनिटे बसविता येते. त्यासाठी रुग्णालयाच्या आराखड्यात एक दार आणि कर्मचाऱ्याच्या वेळापत्रकात दहा मिनिटे लागतात.