गच्चीला रंग दिला, पण धुणार कोण?

कोलकात्याच्या मैदानावर भरणारा पुस्तक मेळा 2007 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथून हलवावा लागला. मेळ्यात उडणारी धूळ आणि शेजारच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढरा मकराणा संगमरवर, हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. स्मारकाच्या पांढरेपणाची अशी काळजी वाहिली जाते. घराच्या पांढऱ्या गच्चीची कुणी वाहत नाही.

उन्हाळ्यात वरचा मजला भाजू नये म्हणून गच्चीला पांढरा रंग द्या, असा आग्रह आता सगळीकडे आहे आणि तो रास्तच आहे. चांगला ताजा रंग सुमारे 80 टक्के ऊन परत फेकतो, 20 टक्के शोषतो. मळून परावर्तन 65 टक्क्यांवर आले, तर घट जेमतेम 15 अंकांची दिसते. छताला मात्र शोषलेलेच ऊन भोवते आणि ते 20 वरून 35 टक्क्यांवर, म्हणजे पावणेदोन पट होते. भर दुपारी दर चौरस मीटरला हजार वॉट ऊन धरले, तर ही 150 वॉटची जादा उष्णता झाली. ती बाहेर टाकण्याची छताची ताकद धुळीने वाढत नाही. आवक वाढली, जावक तेवढीच.

त्यातही मातीपेक्षा काजळी घातक. आयआयटी गांधीनगरमधल्या सौर पॅनेलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅनेलांवरच्या थरात 92 टक्के धूळच होती. पण उरलेले धुरातले बारीक कण वजनाच्या मानाने कितीतरी जास्त ऊन अडवत होते. पॅनेल धुतले की कार्यक्षमता सुमारे 50 टक्क्यांनी वाढे.

कठड्यावरून बोट फिरवून पाहा. माती बोटाला लागते, काजळीचा चिकट थर रंगावरच राहतो. तिथे नुसत्या झाडूने भागत नाही, साबणाचे पाणी आणि ब्रश लागतो.

कोलकात्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस नावालाच. थंड हवा धूर खाली दाबून धरते. कालबैशाखीच्या, म्हणजे तिथल्या वळवाच्या, सरींचा जोर एप्रिल-मेमध्ये. म्हणजे मार्चमध्ये ऊन तापू लागते, तेव्हाच गच्ची सर्वांत मळलेली असते.

नागपूर, पुण्याच्या गच्च्यांचेही यापेक्षा वेगळे नाही. तेव्हा गच्ची फाल्गुनातच घासून धुवा. रंगाच्या प्रत्येक कंत्राटात दरवर्षीच्या धुण्याचा खर्च धरा. धुणार नसाल, तर रंगाचे निम्मे पैसे धुळीत गेले असे समजा.