मोत्याची वही

दोस्तांनो, समजा तुम्ही रांजणगावात राहता. महागणपतीच्या देवळापासून हमरस्त्यापर्यंत तुमच्या मागेमागे फिरणारा मोत्या एक दिवस लंगडायला लागतो. जनावरांचे डॉक्टर पाय तपासतात, दुखणं आणि सूज कमी व्हायला पाच दिवसांच्या गोळ्या देतात. भाकरीच्या तुकड्यात लपवून गोळी दिली, की झालं काम? छे! खरं काम तर आता सुरू होतं.

आपलं पोट दुखलं, की आपण ‘आई गं!’ म्हणतो. मोत्या काय म्हणणार? तो गपचूप कोपऱ्यात जाऊन बसणार. आणि ही औषधं दुखणं कमी करतात खरी, पण कधीकधी पोटाच्या आतलं अस्तर दुखावतात. तिथे रक्त आलं, तर शी डांबरासारखी काळी होते.

म्हणून एक वही करा. गोळी सुरू करण्यापूर्वीच मोत्याचं नेहमीचं वागणं लिहा. नेहमीचं ठाऊक नसेल, तर बदल कळणार कसा? मग रोज लिहा: गोळी किती वाजता दिली? जेवला का? पाणी किती प्यायला? (सकाळी मोजून ठेवा, संध्याकाळी उरलेलं मोजा.) उलटी झाली का? शी-शू कशी? हिरड्या गुलाबी आहेत, की फिकट, पिवळट?

काळी शी, पुन्हा पुन्हा उलट्या, जेवणाकडे पाठ, फिकट हिरड्या, यांतलं काहीही दिसलं, तर पुढची गोळी देण्याआधी मोठ्यांना सांगून डॉक्टरांना विचारा. जाताना वही न्या.

आणि हो, घरातली डोकेदुखीची गोळी त्याला कधीच देऊ नका! आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा होते, पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्ताला. एकच औषध प्रत्येक प्राण्याला सारखं मानवत नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध गाई-म्हशींना दिलं जायचं. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. लाखो गिधाडं मेली, तेव्हा कारण शोधलं गेलं, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

गिधाडांकडे वेळेवर कुणाचं लक्ष गेलं नाही. मोत्याकडे मात्र तुमचं आहे. मग काय, काढताय ना वही?