ताट खोलीत की स्वयंपाकघरात?

आपल्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे ताट रोज कोठे मांडले जाते? सोलापुरातील अनेक घरांत याचे उत्तर ‘त्यांच्या खोलीत’ असे येईल. हे काळजीपोटीच घडते. स्वयंपाकघरात पाणी सांडलेले असते, फरशी गुळगुळीत असते, आजींचा पाय घसरू नये म्हणून सूनबाई ताट वाढून खोलीत नेतात. हेतू चांगलाच असतो. परंतु त्यातून होणारे नुकसान सावकाश होते, म्हणून ते ध्यानात येत नाही.

ज्वारीच्या भाकरीचेच पाहा. तव्यावरून उतरलेली भाकरी मऊ असते. ती खोलीत पोहोचून, जेवणाआधीची गोळी घेऊन होईपर्यंत निवते आणि चिवट होते. दात गेलेल्या अथवा कवळी बसविलेल्या माणसाला ती चावत नाही. अर्धी भाकरी ताटात राहते आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘हल्ली त्यांची भूकच मंदावली.’ फोडणीचा वास, भाकरी थापल्याचा आवाज, समोर बसलेल्या नातवाची बडबड यांनी भूक चाळवते. बंद खोलीत यांतील काहीच नसते. शिवाय पलंगावर रेलून जेवल्यास घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. पाठ ताठ ठेवून खुर्चीवर जेवणे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसून राहणे हितावह असते. विस्मरणाचा आजार असलेल्यांना समोर स्वयंपाक दिसला, की जेवणाची वेळ झाल्याचे सहज उमगते. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या खेपा वाचतात, आणि ठसका लागलाच तर ती दोन पावलांवर असते.

म्हणून जेवणाची जागा स्वयंपाकघरातच असावी, असा आमचा आग्रह आहे. अडचण येते ती पायांखालच्या जमिनीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. तेव्हा आजींना स्वयंपाकघरात आणायचे असेल, तर आधी तेथील फरशीकडे पाहिले पाहिजे.

आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत जमीन शेणाने सारवलेली असे. पुढे शहाबादी फरशी आली. सोलापूर-वाडी लोहमार्गावरील शहाबाद परिसरातील हा चुनखडीचा दगड जवळच मिळणारा, टिकाऊ आणि उन्हाळ्यात गार राहणारा. न घासलेल्या शहाबादी फरशीवर पाय चांगला ठरतो. गेल्या काही दशकांत मात्र घरोघरी चकचकीत टाइल आली. ती पुसायला सोपी खरी. पण तिच्यावर सांडलेले पाणी वृद्ध डोळ्यांना दिसत नाही आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडून डोळे दिपतात. मोतीबिंदू असलेल्यांना हा त्रास अधिक जाणवतो.

यास पर्याय म्हणून अलीकडे काही कुटुंबे भाजक्या मातीच्या लाल फरशीचा, म्हणजेच टेराकोटाचा विचार करीत आहेत. मंगळुरी कौले आपणांस ठाऊक आहेतच. मंगळुरूमध्ये बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे त्या किनारपट्टीवर हा उद्योग वाढला. त्याच जातीच्या भाजक्या मातीपासून जमिनीच्या फरश्याही बनतात. झिलई न दिलेली अशी फरशी खरखरीत असते आणि प्रकाश परावर्तित करीत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सावलीतली ही जमीन तळपायांना सुखद वाटते. तिचा आणखी एक उपयोग असा, की पाणी सांडले तर तो भाग गडद होतो आणि चटकन नजरेस येतो.

परंतु गुणांबरोबर तिचे दोषही जाणून घ्यावेत. ही फरशी सच्छिद्र असते. तेल आणि हळद तिच्यात मुरतात. जड पातेले पडल्यास टवका उडतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वारंवार मुरल्यास पांढरा लोणा फुटतो. हाताने घडविलेल्या फरश्यांच्या कडा एकसारख्या नसतात आणि उंच राहिलेल्या कडेला वॉकरचा पाय अडतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना टवका उडालेल्या कडेने जखम झाली तरी कळत नाही. अशा व्यक्तींनी घरातही मागे पट्टा असलेली मऊ पादत्राणे वापरावीत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. आणखी एक गोष्ट विसरू नये: माती म्हटली तरी ही जमीन कठीणच असते. पडल्यावर ती हाडाला वाचवीत नाही. ती केवळ घसरण्याची शक्यता कमी करते.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करा. दुकानातून चार फरश्या घरी आणा. एका फरशीवर पाणी आणि दुसरीवर थोडे तेल टाकून हाताने चोळून पाहा. तिसरीवर हळद मिसळलेले तेल एक दिवस राहू द्या. चौथी कोरडीच ठेवा आणि चारही शेजारी मांडून कडा सारख्या उंचीच्या आहेत का, हे बोटाने तपासा. ही परीक्षा घरातील तरुण माणसाने करावी. ज्येष्ठांना ओल्या फरशीवर चालवून पाहू नये.

फरशी बसविताना आपल्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. सोलापूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तळमजल्यावर तिच्यावरच फरशी बसविली तर काही काळाने ती खचते आणि तडकते. काळी माती काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून ठोकावा आणि त्यावर काँक्रीटचा थर द्यावा. फरश्या बसविण्यापूर्वी पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या मसाल्यातील पाणी शोषून घेत नाहीत. दर्जा अरुंद आणि फरशीच्या पातळीपर्यंत भरलेल्या असाव्यात. दहा-पंधरा फरश्या जादा घेऊन ठेवाव्यात. टवका उडालेली फरशी लगेच बदलता येते.

गवंड्याशी बोलताना एका गोष्टीचा विशेष आग्रह धरा. पैसे वाचविण्यासाठी जुन्या फरशीवरच नवी बसविण्याची प्रथा आहे. त्यामुळे स्वयंपाकघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा इंच-दीड इंच उंच होते आणि दारात नवी पायरी तयार होते. घसरण टाळण्यासाठी केलेला खर्च ठेच लागण्याचे कारण ठरतो. जुनी फरशी काढूनच नवी बसवावी. ते शक्य नसेल, तर दारात उतार करावा. एक इंच उंचीसाठी किमान बारा इंच लांबीचा. उंबरठा काढणे घरातल्यांच्या मनास पटत नसेल, तर तो जमिनीच्या पातळीत बसवून घ्यावा. त्याची पूजा तशीही करता येते.

फरशी बसल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी. त्यास काही आठवडे लागू शकतात. ओलावा आत असताना लेप दिल्यास तो पांढरा पडतो. दुकानात चकाकी देणारे लेपही मिळतात; ते घेऊ नयेत, कारण त्यांनी ही फरशीही निसरडी होते. चकाकी न देणारा, आत मुरणारा लेप मागावा. काहीजण जवसाचे तेल लावतात. तसे केल्यास जास्तीचे तेल लगेच पुसून घ्यावे. त्या तेलाचे बोळे वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, पाण्यात भिजवून उघड्यावर पसरून वाळवावेत. रोजच्या सफाईस सौम्य साबणाचे पाणी आणि घट्ट पिळलेले फडके पुरे. ॲसिड वापरू नये; ते भाजक्या मातीच्या फरशीतील सिमेंटच्या दर्जांना आणि शहाबादी दगडालाही खाते. फरशी कापताना उडणारी धूळ दम्याच्या रुग्णास बाधते, म्हणून काम चालू असेपर्यंत ज्येष्ठांची सोय नातलगांकडे करावी.

आता जेवणाच्या जागेविषयी. शेगडीपासून दूर, परंतु बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावर टेबल ठेवावे. खुर्ची हात असलेली, न हलणारी आणि सुमारे ४५ सेंटीमीटर उंच बैठकीची असावी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत. टेबल सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असावे. वॉकरसाठी ९० सेंटीमीटर रुंद वाट मोकळी ठेवावी. चाकाची खुर्ची वळविण्यास दीड मीटर जागा लागते. लाल जमिनीवर तपकिरी लाकडाचे पाय दिसत नाहीत, म्हणून फर्निचर फिक्या रंगाचे घ्यावे. पायपुसणे, पाट आणि पाण्याची कळशी वाटेत ठेवू नये. ओट्याजवळ तेल उडतेच. स्वयंपाक आटोपताच तेवढा पट्टा पुसून घ्यावा आणि मगच ज्येष्ठांना जेवावयास बोलवावे.

मिरचीच्या फोडणीचा धूर जुना दमा असलेल्यांना सोसत नाही. फोडणी आधी उरकावी आणि धूर बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा. जे घरी ऑक्सिजन घेतात, त्यांच्याबाबत मात्र तडजोड नाही. ऑक्सिजन सुरू असताना त्यांना पेटत्या शेगडीपासून किमान तीन मीटर दूर ठेवलेच पाहिजे. स्वयंपाकघर तेवढे मोठे नसेल, तर शेगडी विझवून, खिडकी उघडून मग सर्वांनी एकत्र जेवावे.

प्रत्येकाला फरशी बदलणे परवडेल असे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. कुंभारी येथील रे नगर वसाहतीतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कष्टकरी कुटुंबांना सुपूर्द करण्यात आली. अशा आटोपशीर घरांत स्वयंपाक आणि जेवण बहुधा जवळजवळच होते, आणि तेथील आजी सर्वांसमवेत जेवते. चकचकीत टाइल असली तरी ती कोरडी ठेवणे, वाट मोकळी ठेवणे, भरपूर उजेड ठेवणे आणि एक भक्कम खुर्ची मांडणे हे कोणत्याही घरात जमण्याजोगे आहे. आपल्याकडे खरखरीत शहाबादी फरशी असेल, तर ती उखडून लाल फरशी घालण्याचे काहीच कारण नाही.

संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा आपण दरवर्षी पाहतो. नित्य सडा-रांगोळी करणारी ती कन्या आपल्या शहराला पूज्य वाटते. पायांखालच्या जमिनीची निगा ही सेवा आहे, हे सोलापूरकरांना निराळे सांगावयास नको. आज सायंकाळी ताट खोलीत नेण्यापूर्वी क्षणभर थांबा. स्वयंपाकघराची जमीन कोरडी करा, खुर्ची मांडा आणि आजींना हात देऊन तेथवर आणा. भाकरी तव्यावरच असू द्या.