निदानानंतर शिकवायचे कोणी?

डिस्लेक्सियाचा प्रश्न आपल्याकडे आता अज्ञानाचा राहिलेला नाही. तो अंमलबजावणीचा आहे. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत उपलब्ध केला. त्यातील पहिली ते पाचवीसाठीची प्राथमिक चाळणी वर्गशिक्षकालाच करता येते. पाठोपाठ २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि शालेय मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण बंधनकारक केले.

चाचणी स्वभाषेत असणे अगत्याचे होते. इंग्रजीतले निष्कर्ष देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘रस’, ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘ट्रक’ या शब्दांत एकच ‘र’ चार रूपे घेतो. मूल नेमके कोठे अडते, हे कळले तरच शिक्षकाला उपाय योजता येतो.

हे ज्ञान जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा विकासखंडातल्या शाळेपर्यंत पोहोचते का, ही माझ्या मते धोरणाची खरी कसोटी. प्रमाणपत्रासाठी जबलपूर गाठायचे, तर रोजंदारीवरच्या पालकाची दिवसाची मजुरी बुडते. ते मिळाल्यावर हाती येतात प्रामुख्याने परीक्षेतील सवलती. महाराष्ट्राने त्या १९९६ मध्येच मान्य केल्या. त्या आवश्यकच आहेत. पण जादा वेळ आणि लेखनिक मिळाल्याने वाचता येऊ लागत नाही.

चाळणीचा आग्रह धरल्यास अध्यापनातील उणीव मुलाच्या माथी मारली जाईल, असा आक्षेप घेतला जातो. घरची बोली आणि पुस्तकी हिंदी यांत अंतर असलेल्या प्रदेशात तो रास्तही आहे. म्हणूनच क्रम उलटा हवा. पहिली-दुसरीत अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला, कोणताही शिक्का न मारता, लहान गटात रोज ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याचा सराव द्यावा. त्यानंतरही जे मागे राहील, त्याचीच सविस्तर तपासणी व्हावी.

यासाठी नवे खाते नको. मध्य प्रदेशात शाळाशाळांना भेट देणारा जनशिक्षक आहे, पायाभूत साक्षरतेचे ‘मिशन अंकुर’ही आहे. जनशिक्षकावरचे माहिती गोळा करण्याचे ओझे उतरवून त्याला या अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे. प्रशासन जे मोजायला सोपे, तेच मोजते, हे मी सेवेत असताना पाहिले आहे. प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते. ‘निपुण भारत’ची मुदत २०२६-२७ ची आहे. तेव्हाच्या अहवालात वाटलेल्या प्रमाणपत्रांशेजारी, मदत मिळाल्यावर वाचू लागलेल्या मुलांच्या संख्येचाही रकाना असला पाहिजे.