कार्यकर्तीचा विसावा हाही हक्कच!

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे आपल्या वस्त्यांतील अनेक भगिनी सरपंच, नगरसेविका झाल्या. पण पद मिळाले म्हणून चूल सुटली काय? सकाळी भाकरी थापायची, दुपारी पंचायत समितीत खेटे घालायचे, संध्याकाळी महिला मंडळाची बैठक घ्यायची. अंगात ताप असला तरी सभेला हजर! मग आपण तिला ‘त्यागमूर्ती’ म्हणतो, शाल पांघरतो आणि मोकळे होतो.

माता रमाईंच्या त्यागाचे आपण गोडवे गातो. पण २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या. दारिद्र्य आणि कष्टांनी झिजलेला तो देह ही विषमतेने वसूल केलेली किंमत होती. आजच्या कार्यकर्तीकडून चळवळीनेच तीच किंमत मागावी काय?

खुद्द बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हाच त्याचा अर्थ!

सावित्रीमाईंनीही आजारपणात विसावा घेतला होता. १८५६ मध्ये त्या माहेरी नायगावला होत्या. भावाने त्यांची शुश्रूषा केली आणि पुण्यातील कामाचा भार फातिमा शेख यांनी वाहिला. माईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात याची नोंद आहे. त्यांनी मदत स्वीकारली म्हणून कार्य थांबले नाही. उलट पुढे चार दशके त्या लढत राहिल्या.

म्हणून ‘मी नसले तर सगळे बुडेल’ ही भावना भगिनींनी टाकून द्यावी. एकाच व्यक्तीवर उभी असलेली संघटना दुबळीच असते. पण केवळ उपदेशाने हे होणार नाही. पदे आळीपाळीने द्या. दुसरी फळी तयार करा. शिबिरात मुले सांभाळण्याची सोय करा, प्रवासखर्च द्या. आणि बंधूंनो, समतेवर भाषण ठोकण्यापूर्वी घरची भांडी घासा!

थकलेली कार्यकर्ती चळवळीतून गप्पपणे गळते, तेव्हा आपण एक माणूस आणि वर्षांचा अनुभव गमावतो. तो गमावणे आपल्याला परवडणारे नाही.